मुलाखतीची पूर्वतयारी

१. प्रास्ताविक

म्हैसूर शहरातून कृष्णराजसागर धरणाकडे जाणारा रस्ता मेटगळ्ळी या वस्तीवरून जातो. एके काळचे हे गाव आज शहरात सामावले असून आजूबाजूस कारखान्यांची दाटी झाली आहे. येथील विक्रांत टायर्सचा कारखाना १९९७ साली जे. के. टायर या कंपनीकडे गेला. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या मालकीचे नोटांचे मुद्रणालय याच परिसरात असून तेथे १९९६ पासून नोटा छापल्या जातात. लगतच्या हेब्बाळ औद्योगिक वसाहतीत इन्फोसिस या कंपनीचे विस्तीर्ण प्रशिक्षण केंद्र आहे; या कंपनीचा आरंभ १९८१ साली पुण्यात झाला होता.

अशा ठिकाणी नोकरीच्या शोधात दूरदूरचे तरुण येतात. समजा, निपाणीकडचा एक तरुण औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून फिटरचा अभ्यासक्रम पुरा करून मुलाखतीसाठी मेटगळ्ळीस आला आहे. रात्रभर प्रवास झाला आहे. प्रवासखर्चासाठी वडिलांनी शेजाऱ्याकडून उसने पैसे घेतले आहेत. दोन वर्षे त्याने मन लावून काम शिकले. परंतु त्या दोन वर्षांचा निवाडा आता पंधरा मिनिटांत व्हावयाचा आहे. आत तीन अपरिचित माणसे बसली आहेत. पहिलाच प्रश्न येतो, "तुमच्याविषयी काही सांगा." तरुण नाव, गाव आणि टक्केवारी सांगतो आणि थांबतो. पुढे काय सांगावे, हे त्याला सुचत नाही.

हा तरुण अकुशल आहे काय? मुळीच नाही. त्याच्या हातात कौशल्य आहे, पण ते समोरच्या माणसांना कसे दाखवावे, हे त्याला कोणी शिकविलेले नाही. यात त्याची नोकरी जाते आणि कारखान्याचा एक चांगला कारागीरही जातो. मुलाखतीचे यश हे दैवाचे किंवा केवळ गोड बोलण्याचे फळ होय, असा समज सर्वत्र आढळतो. प्रस्तुत पुस्तिकेत मुलाखत म्हणजे नेमके काय, तिच्यात कोणते दोष संभवतात आणि ते दोष ध्यानी घेऊन उमेदवाराने तयारी कशी करावी, याचा क्रमाने विचार केला आहे.

२. मुलाखत हे एक मापन आहे

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपण म्हणतो. ही परीक्षा का साधते? पातेल्यातील सारे तांदूळ एकाच पाण्यात, एकाच आचेवर, सारखाच वेळ शिजलेले असतात; म्हणून एक शीत इतर सर्व शितांचे प्रतिनिधित्व करते. बाजारात धान्याच्या पोत्यात पोकळ सळई खुपसून व्यापारी मूठभर दाणे काढतो, तोही हाच न्याय लावतो. मात्र पोत्याच्या तोंडाशी चांगले आणि तळाशी किडके धान्य असेल, तर वरवरच्या दाण्यांवरून केलेले अनुमान फसते. म्हणून जाणता व्यापारी पोते तीनचार ठिकाणी टोचून पाहतो.

मुलाखतही अशीच नमुना घेण्याची क्रिया आहे. उमेदवार पुढे कित्येक वर्षे काम कसे करील, हे निवड समितीस जाणून घ्यावयाचे असते. परंतु तिच्या हाती केवळ काही मिनिटांचे बोलणे असते. माणसाचे आयुष्य भातासारखे सर्वत्र सारखे शिजलेले नसते. परक्या खोलीत बसून बोलणे हा त्याच्या वर्तनाचा एक लहानसा आणि बराचसा अनैसर्गिक नमुना होय. तेव्हा समितीला आपल्या कामाचे योग्य नमुने मिळतील अशी व्यवस्था करणे, हेच उमेदवाराच्या तयारीचे मुख्य सूत्र आहे. पुढील सर्व सूचना या एका सूत्रातून निघतात.

३. मापनातील दोष

मुलाखतीची शास्त्रीय तपासणी शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ वॉल्टर डिल स्कॉट यांनी १९१५ साली एका तपासणीचा वृत्तान्त दिला. विक्रेत्याच्या कामासाठी आलेल्या ३६ उमेदवारांना सहा अनुभवी व्यवस्थापकांनी वेगवेगळे पारखून त्यांचा क्रम लावला. उमेदवार वरच्या निम्म्यात बसतो की खालच्या निम्म्यात, एवढ्या ढोबळ प्रश्नावरही ३६ पैकी २८ उमेदवारांच्या बाबतीत या सहा जणांचे एकमत झाले नाही. एकाच कापडाची लांबी सहा जणांनी मोजावी आणि प्रत्येकाची पट्टी वेगळी निघावी, तसा हा प्रकार झाला.

याची काही कारणे पुढे स्पष्ट झाली. एडवर्ड थॉर्नडाइक यांना १९२० साली असे आढळले की, लष्करी अधिकारी आपल्या हाताखालच्या माणसांची बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व आणि चारित्र्य यांना वेगवेगळे गुण देताना प्रत्यक्षात एकाच सर्वसाधारण मताचा रंग सर्वांवर चढवितात. यास वलय परिणाम म्हणतात. उमेदवाराचा आवाज खणखणीत असला की तो कामातही चोख असेल, असे परीक्षकाच्या मनात नकळत ठरते. दुसरे कारण तुलनेचे. आधीचा उमेदवार फार चांगला झाला, तर मागून येणारा मध्यम उमेदवार आहे त्याहून कमी भासतो. तिसरे कारण असे की, प्रत्येकाला निराळे प्रश्न विचारले तर उत्तरांची तुलनाच होऊ शकत नाही.

या तिसऱ्या दोषावरील उपाय म्हणजे योजनाबद्ध मुलाखत. तीत कामाचा अभ्यास करून प्रश्न आधीच ठरविलेले असतात, सर्वांना तेच प्रश्न विचारले जातात आणि उत्तरांना ठरलेल्या निकषांवर गुण दिले जातात. मुलाखतीतील गुण आणि पुढील कामाची प्रत यांचे नाते सहसंबंध गुणकाने मोजतात. नाते मुळीच नसेल तर तो शून्य येतो आणि परिपूर्ण असेल तर एक. पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली अनेक संशोधनांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. तेव्हा मोकळ्या, मनास येईल तसे प्रश्न विचारणाऱ्या मुलाखतीसाठी हा गुणक ०.१९ आला, तर योजनाबद्ध मुलाखतीसाठी ०.४२ आला. म्हणजे सुधारलेली मुलाखतही अचूक नाही. परंतु मोकळ्या गप्पांपेक्षा ती पुष्कळच भरवशाची आहे.

उमेदवाराने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. एक, मुलाखतीतील अपयश हा त्याच्या योग्यतेचा अंतिम निकाल नव्हे. दुसरी, परीक्षकाची पट्टी सदोष असू शकते म्हणूनच आपला पुरावा स्पष्ट, मोजता येण्याजोगा आणि कामाशी निगडित ठेवणे हे आपल्या हिताचे आहे.

४. आपल्या देशातील अनुभव

म्हैसूरचा या विषयाशी जुना संबंध आहे. म्हैसूर विद्यापीठात १९२४ साली मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. तो उभारणारे प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी हे लंडन येथे चार्ल्स स्पिअरमन यांच्यापाशी शिकले होते. बुद्धीचे मापन गणिताने करण्याचा पाया घालणाऱ्यांत स्पिअरमन यांची गणना होते.

मुलाखतीच्या न्याय्यतेचा प्रश्न न्यायालयांतही गेला. म्हैसूर राज्यातील अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांतील प्रवेशासाठी मुलाखतीचे गुण धरले जात; त्याविरुद्धच्या चित्रलेखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली ही पद्धत ग्राह्य ठरविली. पुढे १९८५ साली हरियाणातील नागरी सेवेच्या निवडीसंबंधी अशोककुमार यादव खटल्यात न्यायालयाने मुलाखतीला दिलेले अतिरिक्त महत्त्व अवाजवी मानले आणि सर्वसाधारण उमेदवारांसाठी मुलाखतीचे गुण एकूण गुणांच्या १२.२ टक्क्यांहून अधिक नसावेत, असे सांगितले. केंद्र सरकारने तर १ जानेवारी २०१६ पासून गट 'क' आणि अराजपत्रित गट 'ब' या पदांच्या भरतीतून मुलाखत काढून टाकली.

दुसऱ्या बाजूने, पोते अनेक ठिकाणी टोचून पाहण्याचा मार्गही आपल्याकडे अवलंबिला गेला. सैन्यातील अधिकारी निवडण्यासाठी १९४३ साली भारतात निवड मंडळे सुरू झाली. वायुदलाचे असे एक मंडळ म्हैसूर येथे आहे. तेथे उमेदवाराची पारख सुमारे पाच दिवस चालते. मानसशास्त्रज्ञ लेखी चाचण्या घेतो, दुसरा अधिकारी मैदानावर गटाकडून कामे करवून घेतो, तिसरा मुलाखत घेतो, आणि शेवटी सर्वांच्या मतांचा मेळ घातला जातो. कारखान्यांतही मुलाखतीच्या जोडीला प्रत्यक्ष कामाची चाचणी घेण्याची रीत आहे. अशी चाचणी असल्यास कुशल उमेदवाराने तिचे स्वागतच करावे. कारण तेथे हात बोलतो.

५. तयारीची पहिली पायरी : कामाचा अभ्यास

बहुतेक उमेदवार स्वतःपासून तयारीला आरंभ करतात. खरे पाहता आरंभ कामापासून व्हावयास हवा. जाहिरात शांतपणे वाचावी आणि एका कागदाचे दोन उभे भाग करावेत. डाव्या बाजूस ते काम करणाऱ्या माणसास रोज काय करावे लागेल ते लिहावे. उजव्या बाजूस त्यापैकी आपण कोठे, कधी आणि काय केले आहे ते लिहावे.

समजा, टायरच्या कारखान्यात देखभाल विभागात फिटरची जागा आहे. प्रथम कारखान्याची प्रक्रिया समजून घ्यावी. रबर, काजळी, गंधक आणि इतर द्रव्ये यंत्रात मळून मिश्रण तयार होते. त्यापासून निरनिराळे थर बनवून कच्चा टायर बांधतात. मग तो साच्यात घालून उष्णता आणि दाब देतात. या शेवटच्या क्रियेत गंधकामुळे रबराच्या लांबलचक रेणूंमध्ये बंध निर्माण होतात आणि चिकट रबर टणक पण लवचीक बनते. हीच व्हल्कनायझेशनची क्रिया होय. चार्ल्स गुडइयर यांना ती १८३९ साली साधली. एवढे कळले की फिटरच्या डाव्या रकान्यात काय येईल, हे आपोआप सुचते : तप्त वाफेच्या नळ्या आणि झडपा, दाबाची यंत्रे, बेअरिंग आणि त्यांचे वंगण, मोजमापाची साधने आणि सुरक्षितता.

उजव्या रकान्यात जेथे काही लिहिता येत नाही, तेथे आपली उणीव उघड होते. हे फार मोलाचे आहे. मुलाखतीपूर्वी पंधरा दिवस ती कळली, तर निदान तत्त्व तरी समजून घेता येते. उदाहरणार्थ, यंत्र उघडण्यापूर्वी वीज आणि वाफ दोन्ही बंद करून, ती चुकून कोणी चालू करू नये म्हणून कुलूप आणि सूचनाफलक लावावयाचे असतात. हे प्रत्यक्ष केलेले नसले तरी ते का करावयाचे, हे उमेदवारास सांगता आले पाहिजे. मूलभूत गोष्टीही पुन्हा पाहाव्यात. नेहमीच्या व्हर्निअर कॅलिपरचे लघुतम माप ०.०२ मि.मी. आणि मायक्रोमीटरचे ०.०१ मि.मी. असते, रोज हाताळलेल्या साधनाचे माप ऐन वेळी आठवू नये, असा प्रसंग अनेकांवर येतो.

६. दुसरी पायरी : कामाचे प्रसंग निवडणे

मेटगळ्ळीवरून जाणारा रस्ता ज्या धरणाकडे जातो, त्याच्याशी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव जोडलेले आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १८८३ साली पदवी मिळवून ते पुढच्या वर्षी मुंबई इलाख्याच्या सरकारी बांधकाम खात्यात दाखल झाले. पुण्याजवळील खडकवासला धरणावर १९०३ साली त्यांनी योजलेली स्वयंचलित दारे बसविण्यात आली. १९०९ साली म्हैसूर संस्थानाने त्यांना मुख्य अभियंता म्हणून बोलाविले, तेव्हा त्यांचे काम त्यांच्या आधीच तेथे पोचले होते.

नवशिक्या उमेदवाराजवळ धरण नसते. पण एखादा नीट केलेला जॉब, दुरुस्त केलेला पंप, शाळेच्या प्रदर्शनात मांडलेले उपकरण, घरच्या दुकानाचा हिशेब किंवा गावच्या उत्सवात सांभाळलेली जबाबदारी, यांपैकी काहीतरी असतेच. पुरावा लहान असला तरी चालेल. तो खरा आणि नेमका असावा.

आजच्या योजनाबद्ध मुलाखतींत दोन प्रकारचे प्रश्न वारंवार येतात. एक, "असा प्रसंग आला तर तुम्ही काय कराल?" दुसरा, "असा प्रसंग आला तेव्हा तुम्ही काय केले?" दोन्हींना उत्तर देण्यासाठी पाचसहा प्रसंग तयार ठेवावेत आणि प्रत्येकाचे चार भाग करावेत : परिस्थिती काय होती, आपली जबाबदारी कोणती होती, आपण स्वतः काय केले आणि परिणाम काय झाला.

याचे एक उदाहरण पाहू. प्रश्न असा : "कामात कधी अडचण आली का? ती तुम्ही कशी सोडविली?"

पहिले उत्तर : "होय, अडचणी पुष्कळ आल्या, पण मी मेहनती आहे. मी कधीही हार मानत नाही."

दुसरे उत्तर : "दुसऱ्या वर्षी लेथवर दोन केंद्रांमध्ये धरून २०० मि.मी. लांबीचा दंड कापण्याचे काम माझ्याकडे होते. दोन्ही टोकांचे व्यास मोजले, तेव्हा टेलस्टॉककडील व्यास ०.०८ मि.मी. जास्त भरला. दंड निमुळता येत होता. हत्याराची धार तपासली, ती ठीक होती. तेव्हा टेलस्टॉक हत्यारापासून दूर सरकला असावा, असे वाटले. व्यासातील फरक हा सरकण्याच्या सुमारे दुप्पट असतो, म्हणून तो ०.०४ मि.मी. हत्याराकडे आणला आणि बारीकसा काप घेऊन पुन्हा मोजले. फरक जवळजवळ नाहीसा झाला. त्यानंतर काम सुरू करण्याआधी केंद्रे तपासण्याची मी सवयच लावून घेतली."

पहिल्या उत्तरात विशेषणे आहेत. दुसऱ्यात एकही नाही. तरीही उमेदवार काळजीपूर्वक मोजतो, कारण शोधतो, गणित वापरतो आणि चुकीपासून शिकतो, हे दुसऱ्या उत्तरावरून परीक्षकाला आपोआप समजते. शिवाय वलय परिणामाला येथे वाव कमी राहतो. कारण समोर ०.०८ हा आकडा आहे आणि तो आवाजाच्या गोडीवर अवलंबून नाही.

येथे एक इशारा आवश्यक आहे. प्रसंग रचून सांगू नये. जाणकार परीक्षक पुढे दोन प्रश्न विचारतो, "किती मोजले? कशाने मोजले?" आणि खोटे उत्तर तेथेच कोसळते. ते कोसळले नाही तर परिणाम अधिकच वाईट. कारण जे काम येत नाही ते अंगावर येते, आणि कारखान्यात त्याची किंमत कधी कधी दुसऱ्याच्या हातापायाने मोजावी लागते. सर्वांनी मिळून केलेल्या कामात आपला वाटा किती होता, हेही प्रामाणिकपणे सांगावे.

७. तिसरी पायरी : आठवून आणि बोलून सराव

लिहिलेली उत्तरे पुन्हा पुन्हा वाचली की ती पाठ झाली असे वाटते. हा भास आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेल्या एका प्रयोगात एका गटाने उतारा चार सत्रांत केवळ वाचला. दुसऱ्या गटाने तो एका सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहिले तेव्हा वाचणारा गट पुढे होता. पण आठवड्यानंतर वाचणाऱ्यांना मजकुराचा सुमारे ४० टक्के भाग आठवला, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के.

म्हणून वही मिटून बोलण्याचा सराव करावा. घरातील मोठ्या माणसास समोर बसवावे आणि आपला एक प्रसंग त्यांना सांगावा. आजोबांना लेथ ठाऊक नसला तरी चालेल. उलट ज्याला विषय माहीत नाही त्यालाही तो समजला, तर आपले सांगणे स्वच्छ आहे असे समजावे. प्रत्येक उत्तर साधारण दीडदोन मिनिटांत संपावे. शब्दन्‌शब्द घोकू नये. घोकलेल्या उत्तरातील एक शब्द निसटला की पुढची साखळी तुटते. केवळ चार भागांचा क्रम लक्षात ठेवावा.

"तुमच्याविषयी सांगा" या प्रश्नालाही याच रीतीने सामोरे जावे. नाव आणि गाव एका वाक्यात, शिक्षण एका वाक्यात, या कामाशी सर्वांत जवळचे असे एक केलेले काम तीनचार वाक्यांत, आणि ही जागा का हवी ते एका वाक्यात. एवढे पुरे.

८. भाषा आणि भय

सीमाभागातील आणि ग्रामीण भागातील उमेदवारांना भाषेचे भय अधिक वाटते. म्हैसूरसारख्या ठिकाणी कन्नड, इंग्रजी आणि हिंदी या तिन्ही भाषा कानी पडतात. उमेदवाराने मुलाखतीपूर्वी कोणत्या भाषेत बोलता येईल ते विनयाने विचारावे. ज्या भाषेत काम सांगता येते ती साधी भाषा, न येणाऱ्या भाषेतील पाठ वाक्यांपेक्षा कधीही बरी. शिवाय यंत्रांचे, मापांचे आणि हत्यारांचे बहुतेक शब्द सर्व भाषांत एकच आहेत. ज्या मुलुखात काम करावयाचे तेथील भाषेची चार वाक्ये शिकून जाणे, ही मात्र सौजन्याची गोष्ट आहे. "स्वल्प स्वल्प कन्नड बरुत्ते", म्हणजे थोडेथोडे कन्नड येते, हे वाक्य खरेपणाने म्हणणारा उमेदवार शिकण्याची तयारी दाखवितो.

छातीत धडधड होणे, तळहात घामेजणे, ही शरीराची स्वाभाविक क्रिया आहे. महत्त्वाच्या प्रसंगी शरीर शक्ती गोळा करीत असते. ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, भाषणापूर्वी "मी शांत आहे" असे स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा "मला उत्साह वाटतो आहे" असे म्हणणाऱ्यांची भाषणे सरस ठरली. धडधड दाबण्याचा हट्ट न धरता तिला कामाला लावावे, हा याचा अर्थ. अनिश्चितता कमी केली तरीही भय ओसरते. शक्य असल्यास आदल्या दिवशी पोचून ठिकाण पाहून यावे, मूळ प्रमाणपत्रे आणि त्यांच्या प्रती क्रमाने लावून ठेवाव्यात, कपडे स्वच्छ आणि अंगास सुखाचे असावेत. ते नवेच असले पाहिजेत असे नाही.

९. प्रत्यक्ष मुलाखतीत

प्रश्न पूर्ण ऐकून घ्यावा. समजला नाही तर "कृपया पुन्हा सांगाल का?" असे विचारण्यात काहीही कमीपणा नाही. उत्तरापूर्वी क्षणभर थांबून विचार करावा. परीक्षकाला ते शांतपणाचे लक्षण वाटते. उत्तर येत नसेल तर "मला हे माहीत नाही" असे स्पष्ट म्हणावे, आणि सांगता येत असेल तर "परंतु ते शोधण्यासाठी मी प्रथम अमुक तपासेन" असे जोडावे. अज्ञान कबूल करणारा आणि शोधाची दिशा सांगणारा माणूस कारखान्याला हवाच असतो.

शेवटी "तुम्हाला काही विचारावयाचे आहे का?" असा प्रश्न आल्यास कामाविषयी विचारावे : पहिल्या सहा महिन्यांत कोणते काम शिकविले जाईल, पाळ्या कशा असतात, सुरक्षेचे प्रशिक्षण कसे दिले जाते. वेतन विचारणे गैर नाही. पण तो एकच प्रश्न नसावा.

१०. मुलाखतीनंतर

त्याच संध्याकाळी विचारले गेलेले प्रश्न आणि आपली उत्तरे वहीत उतरून ठेवावीत. जे आले नाही त्याचे उत्तर आठवड्यात शोधावे. प्रयोगशाळेत निरीक्षणवहीचे जे स्थान, तेच येथे या वहीचे.

निवड झाली नाही तर साधे अंकगणित आठवावे. एका जागेसाठी बारा जण आले, तर अकरा जणांना परत जावेच लागते. बाराही जण लायक असले तरीही. त्यात परीक्षकांची पट्टी किती ढिली असू शकते, हे आपण पाहिलेच आहे. म्हणून एका नकाराने "मी नालायक आहे" असा निष्कर्ष काढणे हे शास्त्राला धरून नाही. मात्र चार ठिकाणी एकाच प्रकारचा प्रश्न अडला असेल, तर तो निष्कर्ष खरा धरून त्या उणिवेवर काम करावे.

११. समारोप

मुलाखतीत दोन पक्ष असतात आणि दोघांचाही हेतू एकच असतो : योग्य कामाला योग्य माणूस लाभावा. निवड करणाऱ्यांनी सर्वांना सारखे प्रश्न विचारावेत, गुण आधी स्वतंत्रपणे लिहावेत आणि मगच चर्चा करावी. असे केल्याने त्यांची पट्टी सरळ होते. उमेदवाराने आपल्या कामाचे खरे नमुने निवडून, मोजून आणि सराव करून समोर ठेवावेत. आरंभी पाहिलेल्या निपाणीच्या तरुणाजवळ लेथवरचा तो दंड होता, ०.०८ हा आकडाही होता. ते सांगावयाचे असते, एवढेच त्याला ठाऊक नव्हते. शाळेच्या वर्गात किंवा गावच्या ग्रंथालयात एखाद्या संध्याकाळी हे त्याला कोणी सांगितले असते, तर रात्रभराचा तो प्रवास वाया गेला नसता.

स्वाध्याय

१. वृत्तपत्रातील नोकरीची एक जाहिरात घ्या. कागदाचे दोन रकाने करून कामाची कर्तव्ये आणि आपला पुरावा लिहा.

२. आपल्या हातून दुरुस्त झालेल्या एखाद्या चुकीचा प्रसंग चार भागांत लिहा. त्यातील सर्व विशेषणे खोडून पुन्हा वाचा.

३. वर्गातील तीन विद्यार्थ्यांनी परीक्षक व्हावे आणि पाच विद्यार्थ्यांनी उमेदवार. प्रथम प्रत्येकास मनास येतील ते प्रश्न विचारून गुण द्या. दुसऱ्या दिवशी सर्वांना ठरलेले चार प्रश्न विचारून, एकमेकांशी न बोलता, गुण द्या. दोन्ही दिवशी तीन परीक्षकांच्या गुणांत किती अंतर पडले, त्याचा तक्ता करा आणि कारणांची चर्चा करा.

४. शितावरून भाताची परीक्षा कोणत्या गोष्टींत साधते आणि कोणत्या गोष्टींत फसते? प्रत्येकी तीन उदाहरणे द्या.